मामाचा अकामा आणि भाटातली तुळस

सर्व संबंधित व असंबंधित जनांस, तसेच पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या तमाम भाटकार ऊर्फ जमीनमालकांस याद्वारे कळवण्यात येते की, डिचोली तालुक्यातल्या सुर्ला गावी माझ्या मामाच्या भाटात, म्हणजे माडाफणसांच्या बागायतीत, उभ्या असलेल्या एका तुळशीस कायमच्या वास्तव्याचा हक्क प्राप्त झाला असून, तिला तिथून हलवण्याचा अधिकार मामास, मामाच्या वारसांस किंवा खुद्द गोवा सरकारासही उरलेला नाही. सबब कोणीही कुदळ घेऊन त्या बाजूस फिरकू नये. हुकमावरून.

आता सांगते. ही हकिकत सांगताना मला दरवेळी राग येतो, आणि राग आला की मी जरा बरी सांगते, असं घरचे म्हणतात. तेव्हा ऐकणाऱ्यांची चैन आहे.

मी तेव्हा सुर्ल्याच्या प्राथमिक शाळेत बाई होते. माझं घर हळर्णला, पेडणे तालुक्यात. तिथून रोज सुर्ल्याला येणं म्हणजे अर्धा दिवस बसच्या टपावरच्या कोंबड्यांशी गप्पा मारणं. म्हणून मी मामाकडे राहायची. मामाकडे म्हणजे मामीकडे, कारण मामा कुवेतला होता. बंदरावर क्रेन चालवायचा. दोन वर्षांनी एकदा यायचा, महिनाभर राहायचा, आणि घराला अत्तराचा वास लावून परत जायचा. बाकीच्या दिवसांत त्या घरात मामी, मी, आणि लाल धूळ.

धुळीचं सांगायलाच हवं. खाणीवरून बंदराकडे खनिजाचे ट्रक सकाळपासून धावायचे. अंगणातली जास्वंद, आबोली आणि मोगरा ही तिन्ही फुलं एकाच रंगाची होती. पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, तो पाव झटकून घ्यायचा. मामी म्हणायची, "आमच्या गांवांत धुतलेलें आनी न्हेसलेलें सारकेंच दिसता."

हे ट्रक चालवणारे पुष्कळसे सिंधुदुर्गातले. त्यांतला एक मामाच्या भाटात, गोठ्याच्या मागे, खोप बांधून राहायचा. खोप म्हणजे मातीचा चौथरा, चार खांब, कुडाच्या भिंती आणि वर माडाची विणलेली चुडतं. त्याला सगळे टिपरवाला म्हणत. त्याची बायको मामीच्या शेतात लावणी-कापणी करायची, गोठा सांभाळायची, मामीला ताप आला की कपाळावर हात ठेवून बसायची. मी तिला वैनी म्हणे. दोघं भाटात आली तेव्हा मी शाळेत शिकत होते. मी शिकवायला लागले तरी ती दोघं तिथेच होती.

तिथेच म्हणजे अगदी तिथेच नव्हे. इथेच तर गोष्ट आहे.

आमच्या गोव्यात एक कायदा आहे. दुसऱ्याच्या जमिनीत भाटकाराच्या संमतीने घर करून राहणारा माणूस मुंडकार ठरतो, आणि मुंडकाराला मग कुणी उठवू शकत नाही. कायदा गरिबांसाठी केला. पण कायदा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाटकारांच्या डोक्यात प्रकाश पडला, की घर एका जागी टिकलं तरच राहणारा मुंडकार ठरणार ना? मग टिकूच कशाला द्यायचं? मामानेही तीच युक्ती काढली. तुळशीचं लग्न झालं, जमीन सुकली, की खोप हलवायची; तो नसेल त्या वर्षी कुवेतहून पत्रातून हुकूम यायचा. चुडतं उतरवायची, खांब उपटायचे, कूड सोडवायचा, जुना चौथरा कुदळीने सपाट करायचा आणि भाटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सगळं नव्याने उभं करायचं. यंदा फणसाकडे, पुढच्या वर्षी बिमलीच्या झाडाकडे, मग विहिरीच्या अंगाला, मग परत गोठ्यामागे. देवाला प्रदक्षिणा घालतात तशी ती खोप मामाच्या मालकी हक्काला प्रदक्षिणा घालायची.

आणि हे सगळं हसतखेळत चालायचं, याचाच मला जास्त संताप. खांब उपटायला टिपरवाला स्वतःच पुढे. वैनी चूल काढायची, ओल्या मातीची नवी चूल घालायची. मामी त्या दिवशी त्यांना आपल्याकडे जेवायला बोलवायची, वर गोड काहीतरी करायची. एखाद्याला घरातून काढायचं आणि त्याच दिवशी त्याला पातोळ्या वाढायच्या, ही आमची माणुसकी.

वैनीची तुळस तेलाच्या पत्र्याच्या डब्यात होती. खोपीबरोबर डबाही फिरायचा. तुळशीला चिऱ्यांचं वृंदावन बांधायची मामाची सक्त मनाई होती. वृंदावन म्हणजे घराचा पुरावा. मामा म्हणायचा, "तुळशीक डबो पुरो. तिका खंय पाय पसरूंक जाय?"

आता मामाचं दुसरं तोंड ऐका.

मामा रजेवर आला की संध्याकाळी सोप्यावर बसायचा. कुवेतहून आणलेली नारिंगी पावडर पाण्यात घोळवून सगळ्यांना सरबत द्यायचा, आणि अकाम्यावर बोलायचा. अकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तो तिथला धनी काढून देतो, धनी वाढवतो, आणि धन्याची मर्जी फिरली की संपवतो. तिथे कितीही वर्षं काढा, म्हातारे व्हा, त्या देशाचे तुम्ही कधीच नाही. पासपोर्टसुद्धा धन्याच्या कपाटात.

"हांव गेलों तेन्ना थंय धक्को नाशिल्लो," मामा म्हणायचा. "नुसती रेंव आनी दर्या. तो धक्को आमी बांदलो. आनी धन्याचो चलो? ताका हांवें लंगोटान पळयला. आज तो खुर्चेर बसून माका विचारता, तुजो अकामो वाडोवं काय नाका?"

त्याचा आवाज तिथे फाटायचा. मामा नाटकी नव्हता. आमच्या घराण्यातलं सगळं नाटक माझ्याकडे आलं आहे. त्याला खरंच लागायचं. त्याच्याबरोबर तिथे गेलेला डिचोलीचा एक जण तापाने फणफणलेला असताना अकामा संपला म्हणून विमानात बसवून दिला होता. मामाने त्याला खांदा देऊन विमानतळापर्यंत नेलं होतं. ते सांगताना तो सरबताचा पेला खाली ठेवायचा आणि परत उचलायचा विसरायचा.

"मनीस आसा काय सामान?" तो विचारायचा.

सोप्याच्या खालच्या पायरीवर टिपरवाला बसलेला असायचा. ट्रक लावून, आंघोळ करून, तरी कानांत लाल धूळ. तो मन लावून ऐकायचा आणि मान हलवायचा.

"खरा असा, भाटकारानू," तो म्हणायचा. "आपला म्हणून जागा नाय, तर माणूस मुळा धरतलो खंय?"

"तूंच समजलो पळे," मामा खूश होऊन म्हणायचा. "ह्या घरांत हेर कोणाक कळना."

मी मामीकडे पाहायची. मामी जनेलाच्या गजांमागे उभी राहून सुपातले तांदूळ निवडत असायची. तांदळात तेव्हा खडे फार असत, असं मी समजत होते.

तर ते वर्ष. त्या वर्षी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. त्याआधी कोंकणी की मराठी यावरून माणसांनी एकमेकांची डोकी फोडून झाली होती. आमच्या सुर्ल्यात देवाला मराठीत आळवायचे आणि शेजाऱ्याला कोंकणीत शिव्या द्यायचे, तिथे कोण कुणाच्या बाजूचा हे ठरवता ठरवता लोक थकले. मग राज्य झालं, लाडू वाटले. म्हणजे पाहा, इतकी वर्षं गोवा हीसुद्धा दिल्लीच्या भाटातली खोपच होती. तिला पक्क्या भिंती मिळाल्या. आणि भिंती मिळताक्षणी आतल्या माणसांना पहिली गोष्ट सुचली ती ही, की बाहेरचे कोण. बाजारात, बसमध्ये, न्हाव्याकडे, जिकडेतिकडे एकच शब्द: भायले. भायल्यांनी नोकऱ्या घेतल्या, भायल्यांनी जागा घेतल्या. टिपरवाल्याचं गाव आमच्या हळर्णपासून इतकं जवळ की तिथली पालखी निघाली तर ढोल आम्हाला ऐकू यावा. तोही भायलो.

त्याच पावसाळ्यात वैनीचा डबा फुटला. गंजून बूड गळालं, माती सांडली, तुळस वाळली. वैनी दोन दिवस नीट जेवली नाही. मग एका दुपारी मी शाळेतून आले, तर गोठ्यामागे ती एकटी चिरे रचत होती. टिपरवाल्याने कुठूनतरी तुटके चिरे आणले होते. तिने मातीत बसवून, वर चुन्याचा हात फिरवून, कमरेएवढं सुबक वृंदावन उभं केलं आणि त्यात नवं रोप लावलं.

"भाटकारान सांगल्यानी हा नको म्हणान," मी म्हटलं.

"ठावक असा," ती म्हणाली. "दरसाल मी तुळशीचा लगीन लावतंय, नि दुसऱ्या दिसाक तिका उचलून न्हेतंय. कोणाचे लेकीक असा करतत?"

चुना मात्र आमच्या घरातला होता. मी मामीला विचारलं, तर ती म्हणाली, "हांवें कांय पळोवंक ना," आणि चुन्याचं मडकं पालथं घालून ठेवलं.

मामा त्या खेपेला तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आला. खोकी, ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर. भाटात फिरायला त्याला सवडच मिळाली नाही, आणि वृंदावन गोठ्याआड होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लग्नं. गावात भटजी एकच आणि तुळशी घरोघर, तेव्हा भटजींची त्या दिवशी जी धावपळ चालायची ती पाहूनच घाम यावा. एका दारात मंगलाष्टकं सुरू करायचे आणि शेवटचं 'सावधान' पुढच्या दाराच्या वाटेवर म्हणायचे. आमच्या अंगणात आले. मामा पिवळा पीतांबर नेसून यजमान. ऊस, आवळा, चिंच, सगळं मांडलेलं. भटजींनी मामाचं गोत्र, नाव उच्चारून संकल्प सांगितला, मामाने तळहातावरून पाणी सोडलं, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. पोरांनी फटाके लावले. आणि भटजी ताम्हन उचलून गोठ्यामागे चालू लागले.

"खंय चल्ले हे?" मामा म्हणाला आणि त्यांच्यामागे गेला. मामाच्या मागे मी. असा प्रसंग मी सोडणार होते की काय?

टिपरवाला घरी नव्हता. बंदरावर ट्रकांची रांग लागली होती, तो तीत अडकलेला. खोपीपुढे वैनी नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी. पुढे पांढरंशुभ्र वृंदावन, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. मामाने ते पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. नेमकं तेवढ्यात भटजींनी "स्वस्ति श्री" म्हणून सुरुवात केली आणि मंगलाष्टकात कोण भांडणार? मामाचं तोंड उघडंच राहिलं.

भटजींना पुढे अजून अर्धा वाडा करायचा होता. नवरा घरी नाही, यजमान कोण, हे विचारायला वेळ कुणाला. समोर पीतांबर नेसलेला यजमान उभा आहे, तोंडात आत्ताच म्हटलेलं गोत्र आहे. त्यांनी तेच गोत्र, तेच नाव परत उच्चारलं आणि पळीने पाणी मामाच्या पुढ्यात धरलं.

आणि मामाचा हात पुढे झाला.

मनाने नव्हे, सवयीने. पिढ्यान्पिढ्या ज्या हातांनी भटाने पळी पुढे केली की उदक सोडलं आहे, तो हात. त्याने तळवा पसरला, पाणी घेतलं, बोटांवरून खाली सोडलं. वैनीच्या तुळशीचं कन्यादान माझ्या मामाने केलं. भटजी पुढच्या घराला गेले. मामा आपल्या ओल्या तळव्याकडे पाहत राहिला. मी त्या हातावर चिरमुऱ्यांचा प्रसाद ठेवला. कुणीतरी ठेवायलाच हवा होता.

सकाळी मामाने खोप हलवायचे दोन गडी बोलावले. गड्यांनी चुडतं उतरवली. मग मामाने वृंदावनाकडे बोट केलं, तर दोघं कुदळी खाली ठेवून बिडी ओढायला बसले.

"काल लगीन लायलें, आज मोडूं?" त्यांतला थोरला म्हणाला. "तुमीच मोडात, भाटकार. चली तुमची."

मामाने भटजींना बोलावणं धाडलं. भटजी आले, चहा घेतला, सगळं ऐकलं आणि मान हलवली. "उदक तुम्ही सोडलंत. आता ती तुमची लेक. लेकीला हाकलून देण्याचा विधी माझ्या पोथीत नाही."

"मगे?"

"तुळस राहील. तिला कुणी हात लावायचा नाही."

मामा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला चेहरा आठवला की आजही मला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. तो म्हणाला, "बरें. तुळस रावूं. खोप वचूं."

भटजींनी कप खाली ठेवला. "माणसांचं मला विचारू नका," ते म्हणाले, "मी तुळशीपुरतं सांगितलं." आणि छत्री उचलून निघून गेले.

म्हणजे निवाडा झाला. एका झाडाला कायमची जागा, आणि त्याला पाणी घालणाऱ्यांनी चालू लागावं. झाडाला हलवणं पाप. माणसाला हलवणं व्यवहार. आणि हे ठरवणारा माणूस कोण? ज्याने सोप्यावर बसून मला विचारलं होतं, मनीस आसा काय सामान.

तेवढ्यात टिपरवाला आला. रात्रभर रांगेत काढून, डोळे लाल. उघडी पडलेली खोप पाहिली, मामाकडे पाहिलं, आणि काय म्हणावं त्याने?

"खंयच्या कोपऱ्यात न्हेव, भाटकारानू?"

आणि खांबाला हात घातला. त्या क्षणी मला मामापेक्षाही त्याचाच राग आला. पण वैनी वृंदावनाला पाठ लावून खाली बसली. पदर कमरेला खोचलेला.

"मी हलतंय नाय," ती म्हणाली.

"हल गो," टिपरवाला खालच्या आवाजात म्हणाला.

"तू जा. माझे तुळशीक पाणी कोण घालतलो?"

"आमी घालूं," मामा म्हणाला.

"आमी?" मामी मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती, मला कळलं नव्हतं. हातात पाण्याची बालदी होती.

मामाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तो आता पेटला होता. त्याने सगळं बाहेर काढलं. राज्य झालं ते, भायले आले ते, कायदा भाटकाराला खातो ते. आणि मग तो जे बोलला ते त्याने आपल्या बाजूचं म्हणून सांगितलं, हे लक्षात ठेवा.

"दुसऱ्याच्या गांवांत रावचें जाल्यार ताच्या नेमान रावचें. हांव रावना थंय? अरबाच्या आंगणांत हांवें केन्ना तुळस बांदली? अकामो म्हळ्यार अकामो. धनी वाडयता तितले दीस रावचें. ना म्हणलें काय बोचकें बांदचें. हातूंत रडपासारकें कितें आसा?"

"खरा असा, भाटकारानू," टिपरवाला सवयीने म्हणाला.

बाहेर रस्त्यावरून ट्रक गेले, धूळ आली आणि कालच्या पांढऱ्या वृंदावनावर बसली. वैनीने पदराने ती पुसली. मग मामी बोलली.

ती काय बोलली ते सांगण्याआधी पुढचं सांगून टाकते, कारण तिच्या बोलण्यानंतर त्या भाटात सांगण्यासारखं काही उरलं नाही. दुपारच्या आत चुडतं परत खोपीवर चढली. गडी पातोळ्या खाऊन गेले. खोप पुन्हा कधी हलली नाही. तिच्या कुडाच्या भिंती गेल्या, चिऱ्याच्या आल्या, आणि कायद्याने ती दोघं मुंडकार झाली. आज वृंदावनाला टाइल्स लावल्या आहेत, हिरव्या. फार वाईट दिसतात. मामा महिना संपल्यावर कुवेतला परतला, अकामा वाढवून घ्यायला. काही वर्षांनी तो कुणी वाढवला नाही. मामा एका पिशवीनिशी घरी आला. त्या धक्क्यावर त्याच्या नावाचा एक खडाही नाही, आणि त्याबद्दलचा माझा राग मामावरच्या रागाहून कमी नाही. पायरीवर टिपरवाला बसलेला होता. त्याने पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

तर मामी. लग्नाला किती वर्षं झाली होती, मला मोजायची नाहीत. एवढंच सांगते की त्या सगळ्या वर्षांत ती मामाला "अहो" म्हणूनसुद्धा मोठ्याने हाक मारत नसे. तिने बालदी खाली ठेवली, पाणी हिंदकळून मामाच्या लुंगीवर उडालं, आणि दोन गडी, टिपरवाला, वैनी आणि मी, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली:

"आनी ह्या घरांतलो तुमचो अकामो? तो दर खेपे कोण वाडोवन दिता, तें पयलीं सांगात."